कोरडे बूट

"अरे, हळू घे की जरा! मत द्यायला चाललोय, पुरून घ्यायला नव्हे!" मागच्या सीटवरून म्हातारा एमलिन ओरडला.

"तुला पुरायचं असतं तर पेट्रोल कशाला जाळलं असतं? वरूनच दिला असता ढकलून उतारावर," इडवल आरशात बघत म्हणाला आणि त्यानं मुद्दाम गाडी आणखी थोडी पळवली.

एमलिन खूश झाला. शिव्या घालत हसला, हसता हसता खोकला. दर निवडणुकीला हे असंच चालायचं. त्याशिवाय दोघांनाही मतदान झाल्यासारखं वाटत नसे.

इडवल प्रॉसरचं वय अडुसष्ट. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, चार वर्षांपूर्वी बायको गेलेली, गावच्या कौन्सिलवर सभासद आणि पक्षाच्या शाखेचा चिटणीस. चिटणीस म्हणजे काय, तर हॉलची किल्ली त्याच्याकडे आणि खुर्च्या मांडायच्याही त्यानंच. एरवी त्याला कुणी विचारत नसे. पण मतदानाच्या दिवशी पेन्केलिनच्या दरीत इडवलइतका मान दुसऱ्या कुणाला नव्हता. ज्यांना टेकडी उतरवत नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना दारातून उचलायचं, चॅपेलच्या मागच्या खोलीत मत द्यायला न्यायचं आणि परत दारात सोडायचं, हे काम प्रॉसरांच्या घरात बापापासून चालत आलेलं. बापाकडे पावाची व्हॅन होती. पाव उतरवून झाले की तो तिच्यात बाकडी टाकायचा आणि अख्खी दरी वाहून न्यायचा. त्याचा नियम एकच होता. "गाडीत घेताना पाय पुसायला सांगायचं. मत कुणाला, ते विचारायचं नाही."

तसं विचारायची गरजही नव्हती म्हणा. खाणी चालू होत्या तेव्हापासून ह्या दरीतून इडवलच्या पक्षाशिवाय, म्हणजे लाल फूलवाल्यांशिवाय, दुसरं कुणी संसदेत गेलेलंच नव्हतं. पक्षानं दुधाची किटली उभी केली तरी तिला पार्लमेंटात खुर्ची मिळेल, अशी गावात थट्टा चालायची, आणि ती थट्टा करणारेच सकाळी उठून किटलीला मत देऊन यायचे.

पण ह्या वेळी पोटनिवडणूक होती. तीस वर्षं निवडून येणारे जुने खासदार नाताळाच्या आधी वारले आणि पक्षानं लंडनहून क्रॉफ्ट नावाचा एक तरुण पाठवला. माणूस वाईट नव्हता. पण चिखलातून फिरायला म्हणून त्यानं घेतलेल्या बुटांवर दुकानाची चिठ्ठी तशीच होती, आणि ती गावातल्या लहान पोरांनीसुद्धा बघितली. गेला महिनाभर इडवल त्याला घेऊन दारोदार फिरला आणि ज्या दारांत जन्मभर चहा प्यायला, ती दारं त्याच्या तोंडावर बंद झाली. "आता बरी आठवण झाली आमची!" असं लोक म्हणाले. दवाखाना बंद झाला तेव्हा कुठे होतास, बस बंद झाली तेव्हा कुठे होतास. इडवल हसून मान डोलवायचा, आणि रात्री घरी येऊन एकटाच रडकुंडीला यायचा. विरोधातल्या हिरव्या फूलवाल्यांच्या पाट्या एकेका खिडकीत उगवत होत्या. चिप्सच्या दुकानातली रोन्वेन त्यांची पुढारी. इडवलच्याच बसमधून शाळेत गेलेली पोरगी ती!

"सिंहासन तयार दिसतंय राणीसाहेबांचं," एमलिन म्हणाला. पुढच्या सीटवर एक निळी, जाडजूड उशी ठेवलेली होती.

"मग? तुला सोडलं की बोपाकडेच जायचं."

नेस्टा हॅरिसला दरीतली सगळीच माणसं बोपा म्हणत. रक्ताचं नातं नसताना जी मावशी होऊन बसते, ती बोपा. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं तीन पिढ्यांना जेवू घातलं, आणि कुणाच्या ताटात बटाटा कमी पडलाय ते तिला लांबून दिसायचं. आता अठ्ठ्याऐंशीची झाली होती. मुळातच ठेंगणी, त्यात पाठीला बाक. गाडीत बसली की तिला समोरचं काही दिसायचं नाही म्हणून इडवलच्या बायकोनं, डिलिसनं, तिच्यासाठी ही उशी शिवली होती. "मत द्यायला जाताना रस्ता तरी दिसू दे बाईला," असं म्हणून. डिलिसच्या शेवटच्या महिन्यात रोज दुपारी येऊन तिच्या उशाशी बसणारीही बोपाच. इडवल ते विसरला नव्हता, आणि म्हणूनच पुढे जे झालं ते त्याला इतकं लागलं.

एमलिनचं मत देऊन झालं, त्याला घरी सोडलं आणि इडवलनं गाडी टेकडीवर घेतली. सकाळपासून पावसाची बारीक झड लागलेली होती. बेथेल टेरेसच्या घरांची लांबलचक ओळ सुरू झाली. बोपाचं घर शेवटून दुसरं. इडवलनं गाडी हळू केली, हॉर्नवर हात ठेवला आणि तो हात तसाच राहिला.

बोपाच्या पुढच्या खिडकीत हिरवी पाटी होती.

कोपऱ्यात कुठेतरी नव्हे. खिडकीचा खालचा अख्खा भाग भरून, चांगली रुंद, त्यांच्या उमेदवाराच्या नावाची पाटी.

इडवलनं ती दोनदा वाचली. महिनाभर खाल्लेले सगळे अपमान एकदम वर आले. दुसऱ्या कुणी लावली असती तर तो मान डोलावून गेला असता. पण बोपानं? हिच्यासाठी मी उशी झटकून आणली. माझ्या डिलिसचा हात हातात घेऊन बसायची ही, आणि आज त्या रोन्वेनची पाटी लावून बसलीय! लावायची तर लाव, पण निदान मला सांगायचं तरी.

क्षणभर बापाचा नियम आठवला त्याला. आठवला नाही असं नाही. पण त्याच्या पायानं तोवर ॲक्सिलरेटर दाबला होता. ओळ संपली, वरच्या वळणावरून गाडी पलीकडच्या रस्त्यानं खाली उतरली. जावं का परत, असं एकदा मनात आलं. मग तो स्वतःशीच मोठ्यानं म्हणाला, "नेईल की रोन्वेन! तिची पाटी लावलीय ना, तिनंच न्यावं." बोलून त्याला जरा बरं वाटलं. फार वेळ नाही.

दुपारी तो चहाला घरी आला. घर म्हणजे आज घर नव्हतंच. त्याच्या पुढच्या खोलीत पक्षाची कचेरी थाटलेली. टेबलावर मतदारांचे कागद, सँडविचच्या बशा आणि मधोमध लाउरी. लाउरी कार्डिफहून पक्षानं पाठवलेली मुलगी, तिशीची, कामाला वाघ. कुणाचं मत देऊन झालं, कुणाचं राहिलं, कुणाला हलवायचं, सगळं तिच्या बोटांवर.

फोन वाजला. लाउरीनं घेतला, ऐकलं आणि फोनवर हात ठेवून विचारलं, "काका, नेस्टा हॅरिस म्हणून कुणी आहेत. गाडी कधी येणार विचारतायत."

इडवलच्या हातात कप होता. खोलीत आणखी तिघंचौघं होती. आत्ता खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. पाटी बघितली म्हणून म्हातारीला सोडून आलो, हे ह्या पोरीसमोर बोलायचं कसं?

"तिचं झालं," तो म्हणाला.

"झालं? पण त्या म्हणतायत..."

"विसरते ती आजकाल. वय झालंय. सांग, झालंय म्हणून."

लाउरी मनानं चांगली. तिनं आवाज मऊ केला, लहान मुलाशी बोलतात तसा. "आजी, मिस्टर प्रॉसर म्हणतायत की तुमचं मत देऊन झालंय. हो, झालंय. काळजी करू नका. आता छान विश्रांती घ्या, हं?" आणि फोन ठेवून तिनं कागदावर नेस्टा हॅरिसच्या नावावर रेघ मारली.

इडवलनं चहा तसाच बेसिनमध्ये ओतला आणि पुढच्या माणसाला आणायला निघाला. त्या दिवशी त्यानं आणखी पुष्कळ जणांना ने-आण केली, अंधार पडल्यावरही केली. पण पुढच्या सीटवर कुणाला बसू दिलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मागं बस, पट्टा बिघडलाय पुढचा." एक खोटं झालं की दुसरं आपोआपच येतं तोंडात. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पक्ष जिंकला. पूर्वीसारखा हजारोंनी नाही, कसाबसा, पण जिंकला. सकाळी क्लबात सगळे जमले. भाजलेल्या डुकराच्या मांसाचे पाव, किटलीभर चहा, एकमेकांच्या पाठीवर थापा. क्रॉफ्टसाहेब पहिल्या गाडीनं लंडनला गेलेसुद्धा. जाण्याआधी इडवलचा हात हातात घेऊन म्हणाले होते, "तुमच्यासारख्या माणसांमुळेच हे झालं." इडवलला रात्रभर झोप नव्हती, पण ह्या वाक्यानं त्याला थोडा धीर आला होता. जाऊ दे, म्हणत होता तो मनाशी. जिंकलो ना? आज दुपारी जाऊ बोपाकडे, काहीतरी सांगू.

तेवढ्यात मेन्ना आली. ही शाळेच्या कचेरीतली बाई. निवडणुकीच्या दिवशी मतदानाच्या खोलीत टेबलावर बसायचं काम तिचं असायचं. कोट काढता काढताच तिनं सुरू केलं.

"अगं बाई, काल काय झालं ठाऊक आहे का तुम्हाला? रात्रीचे दहा वाजले, मतदानाच्या साहेबांनी दार लावून घेतलं, पेटीला सील ठोकलं. मी बाहेरची पाटी काढायला गेले, तर भिंतीला धरून धरून कोण येतंय? नेस्टा बोपा!"

"कोण, बेथेल टेरेसची?" कुणीतरी विचारलं.

"दुसरी कुठली? अख्खी टेकडी उतरून आली एकटी. डोक्यावर ती तिची चॅपेलची टोपी, नवा कोट, हातात काठी, आणि सगळी चिंब. ओळख दाखवायला म्हणून बसचा पास हातात धरलेला, तोसुद्धा भिजला. मी म्हटलं, बोपा, बंद झालं गं. तर म्हणते, 'झालं का? मला वाटलंच उशीर होईल. बसस्टॉपवर दोनदा बसावं लागलं.' साहेबांच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं मी. पण दहा म्हणजे दहा. ते तरी काय करणार बिचारे?"

चहाच्या किटलीशी उभ्या असलेल्या इडवलनं भरलेला कप खाली ठेवला.

"मग मी विचारलं, इडवलची गाडी नाही का आली? तर म्हणाली, 'त्याच्याकडे फार माणसं असतील गं. त्याला बोलू नका कुणी.' शेवटी रोन्वेननं नेलं तिला वर, चिप्सच्या व्हॅनमधून. अख्खी बाई तळणाचा वास घेऊन घरी गेली," मेन्ना म्हणाली आणि एकटीच हसली.

"पण काका," लाउरी म्हणाली. तिच्या आवाजात काही वाकडं नव्हतं, ती खरंच गोंधळली होती. "नेस्टा हॅरिस त्याच ना? काल दुपारी फोन आला होता त्यांचा. तुम्ही म्हणालात, त्यांचं झालंय म्हणून. मी तसं सांगितलं त्यांना."

सगळ्यांनी इडवलकडे बघितलं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एमलिन आपला चाक लावलेला पांगुळगाडा घेऊन कोपऱ्यात बसला होता. त्याला ऐकू कमी येतं, पण हे त्यानं बरोबर ऐकलं. त्यानं इडवलकडे एकदा बघितलं आणि मग स्वतःच्या पावाकडे बघत राहिला.

"चुकलं असेल ऐकण्यात काहीतरी," कुणीतरी म्हणालं. इडवलला सुटायला दिलेली फट होती ती. बाहेर पडता आलं असतं त्यातून. पण लाउरी समोर उभी होती, आणि तिच्या तोंडावरचा रंग उडत चालला होता, कारण आता तिलाही कळत होतं की आपल्या तोंडून म्हातारीला काय सांगितलं गेलं.

"ऐकण्यात नाही चुकलं," इडवल म्हणाला. "मी खोटं बोललो."

त्यानं खुंटीवरचा कोट घेतला आणि बाहेर पडला. मागून कुणी हाक मारली नाही.

त्यानं गाडी थेट टेकडीवर घेतली. कोटावर लाल फूल अजून तसंच होतं. बेथेल टेरेसला गाडी थांबवल्यावर त्याचं तिकडे लक्ष गेलं. त्यानं ते उपटून खिशात कोंबलं. टाचणी बोटाला टोचली, तर बरंच वाटलं त्याला.

दार बोपानंच उघडलं. अंगात दोन स्वेटर, पायात जाड मोजे.

"ये. पाय पूस," ती म्हणाली.

आत शेगडी पेटलेली होती. शेगडीजवळच्या खुर्चीच्या पाठीवर नवा कोट वाळत घातलेला, खाली जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यावर बूट. चांगले काळे, चॅपेलला घालायचे. त्यांच्यात कागदाचे बोळे कोंबलेले होते. इडवलची नजर तिथून निघेना. मग त्यानं खिडकीकडे बघितलं.

खिडकीला खालच्या बाजूला काच नव्हतीच. चौकटीत दोन-चार तुकडे राहिले होते, आणि ती हिरवी पाटी आतून चिकटपट्टीनं घट्ट बसवलेली होती. वारा आला की पाटी आत फुगायची आणि कडेनं शीळ वाजायची.

"ही... ही काच..."

"तीच की. शरदातल्या वादळात गेली ती. सांगितलं नव्हतं का तुला?"

सांगितलं होतं. चॅपेलच्या दारात सांगितलं होतं एकदा, आणि नाताळाच्या जेवणाला पुन्हा एकदा. "इडवल, घर कौन्सिलचं आहे, त्यांना तेवढं सांग रे, काच गेलीय माझी." आणि इडवल दोन्ही वेळा म्हणाला होता, "बोपा, ते माझ्याकडे लागलं." हे वाक्य त्याच्या तोंडात कायम तयार असायचं. तो ते दिवसातून दहा जणांना म्हणायचा, आणि म्हटलं की काम झालं असंच त्याला वाटायचं.

"पुठ्ठा लावला होता मी," बोपा सांगत होती, "तो भिजून गळून पडला. परवा रोन्वेन आली कागद वाटायला. बसली होती इथंच. म्हणाली, बोपा, गारठून मरशील तू. आणि व्हॅनमधली पाटी आणून बसवून दिली. मी म्हटलं, अगं, लोकांना वाटेल मी तुमची झाले. तर म्हणाली, वाटू दे की, वारा तर अडेल. पाटी उलटी करून लाव म्हटलं मी, पण मागच्या बाजूला खिळे मारलेल्या लाकडी पट्ट्या आहेत ना, बसेना."

इडवल उभाच होता. बस म्हणाली नव्हती ती.

"बोपा, काल मी..."

"आला होतास. बघितलं मी. ह्या पाटीच्या मागेच बसले होते, कोट घालून. कडेच्या फटीतून गाडी दिसली तुझी. हळू झाली म्हणून मी उठले, काठी घेतली, वळले, तर गेलास. मला वाटलं, वरून वळवून आणतोयस."

"मी पाटी बघितली आणि..."

"हां. ते कळलं मला. उशिरा कळलं."

ती शेगडीकडे गेली, कोटाची दुसरी बाजू उबेला केली आणि त्याच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "त्याचं काही नाही रे. माणसाला राग येतो. पण त्या मुलीनं फोनवर सांगितलं ना, तुमचं झालंय म्हणून, मिस्टर प्रॉसर म्हणतायत म्हणून... मग मी बसले इथं. म्हटलं, इडवल कशाला खोटं बोलेल? तो म्हणतोय म्हणजे नेलंच असेल त्यानं मला. आणि मला एवढंसुद्धा आठवत नाही? माझ्या आईचं असंच झालं होतं. शेवटी शेवटी ती मला ओळखायची नाही. मला वाटलं, आली आपली वेळ. फार घाबरले बघ. संध्याकाळपर्यंत हललेच नाही खुर्चीवरून."

शेगडी चटचट करत होती.

"मग बूट बघितले," बोपा म्हणाली. "सकाळपासून झड लागलेली. जाऊन आले असते तर भिजले नसते का? हात लावून बघितला, आतून बघितले, तळवे बघितले. कोरडे ठणठणीत. तेव्हा कळलं, मी नाही विसरले. मग म्हटलं, आता जायचंच."

इडवलनं तोंडावर हात धरला. अडुसष्ट वर्षांचा बाप्या, ज्यानं बायकोला मातीत ठेवतानाही लोकांसमोर स्वतःला आवरलं होतं, तो त्या छोट्याशा खोलीत उभा राहून हुंदके देऊ लागला. बोपानं त्याला रडू दिलं. जवळ आली नाही, गप्प बस म्हणाली नाही. थोड्या वेळानं तिनं फडताळातून फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी काढली आणि त्याच्या हातात दिली. तव्यावरचे केक होते, मनुका घातलेले. मतदानाच्या दिवशी गाडीवाल्यासाठी ती दरवेळी करायची.

"कालचे आहेत. कडक झाले असतील. चहात बुडवून खा."

"मला नको बोपा. मला नाही घेववत."

"घे म्हणते ना. तुझ्यासाठी केले ते दुसऱ्याला कसे देऊ?"

त्यानं घेतले. मग डोळे पुसून तो खिडकीजवळ गेला. चौकटीवर वीत ठेवून मोजू लागला. "काचेचं माझ्याकडे..." एवढं तोंडातून गेलं आणि पुढचा शब्द येईना. त्यानं ओठ मिटले. "दुपारपर्यंत काच घेऊन येतो. मीच बसवतो," तो हळूच म्हणाला.

"बसव. पण पाटी नीट काढ हं, फाडू नकोस. पुसून परत करायचीय रोन्वेनला."

"हो."

"आणि विचार की, कुणाला देणार होते मत ते. काल विचारायचं होतं ना तुला?"

इडवलनं मान हलवली. "नाही बोपा. ते विचारायचं नसतं."

"तुझा बाप म्हणायचा ते," ती म्हणाली. "काल व्हॅनमध्ये रोन्वेननंही नाही विचारलं. पाय पुसायला मात्र सांगितलं." एवढं बोलून ती दारापर्यंत त्याच्यासोबत आली. बाहेर झड तशीच चालू होती. पायऱ्यांवर तो पोचला तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"इडवल!"

तो वळला. काही का असेना, हाक मारली तिनं, म्हणून त्याचा जीव एवढासा फुलला.

"ती निळी उशी आहे का रे गाडीत?"

"आहे की. तुझीच आहे ती. पुढच्या सीटवरच असते." तो घाईघाईनं म्हणाला. "मी काल दुसऱ्या कुणाला बसूच दिलं नाही तिच्यावर."

"मग ती देऊन जा इथं," बोपा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. भाजी आणायला सांगावी तसं सांगितलं तिनं. "पुढच्या वेळेपासून रोन्वेन नेणार आहे मला. तिच्या व्हॅनची सीट फार खाली आहे, रस्ता दिसत नाही."

इडवल गाडीपाशी गेला. दार उघडलं, केकची पुरचुंडी टपावर ठेवली, उशी काढली आणि सवयीनं दोनदा झटकली. मग पावसात भिजू नये म्हणून ती कोटाच्या आत धरून तो पायऱ्या चढून परत वर आला.